ओट्यावरची हजेरी

११ ऑगस्ट, सकाळी ७.१०
मोरी तुंबली. स्वयंपाकघरातलं पाणी खाली जायचं सोडून वर आलं आणि येताना परवाच्या चवळीच्या शेंगा परत घेऊन आलं. बायको इंदू म्हणाली, नरहरीला बोलवा. नरहरी म्हणजे आमच्या रायपूरच्या बीरगांवातला प्लंबर. पाना हातात घ्यायच्या आधी चहा मागतो. मी म्हटलं, घरात टेक्निकल माणूस असताना बाहेरचा कशाला? इंदूनं माणूस कुठे दिसतो का म्हणून इकडेतिकडे पाहिलं.

नोंद : मी मिलच्या टाइम ऑफिसात एकतीस वर्षं काढली. फर्नेसचे, रोलिंगचे, मेंटेनन्सचे सगळे इंजिनिअर माझ्यासमोर सही करूनच आत जात. एकही इंजिनिअर मला ओलांडून मशीनपर्यंत पोचला नाही. याला अनुभव म्हणतात.

शेजारची शांताबाई दारात येऊन उभी. "भाऊजी, तुमच्या ओट्याचं सांगाचं होतं," म्हणाली. मी म्हटलं, आत्ता नाही. तिला आमच्या ओट्यावर डाळ वाळवायची असते. ओटा बसायला आहे, डाळीला नाही, हे मी तिला तीन वर्षांपासून सांगतोय.

संकल्प : १५ ऑगस्टच्या आत मोरी स्वतंत्र.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७.३०
ओट्यावर बसून प्रश्नाचा अभ्यास केला. मिल बंद झाली त्याच्या पुढच्या वर्षी हा ओटा मी स्वतः उभं राहून बांधून घेतला. आठ बाय सहा, वर कोटा फरशी. कॉलनीतली मिलची जुनी मंडळी रोज साडेसहाला इथे बसतात आणि मी हजेरी मांडतो. मिलची कोरी रजिस्टरं फेकून देणार होते, ती मी घरी आणली. डाव्या पानावर हजेरी, उजव्या पानावर ही रोजनिशी.

सुरुवातीला चौदा जण होते. काही मुलांकडे गेले, काही वर गेले. आज हजर : पाच. रोलिंगचा साहू चार मिनिटं उशिरा आला, त्याला लाल रेघ. म्हणाला, उद्याची सही आजच करून ठेवू का? आमच्याकडे उद्याची चालत नाही आणि कालचीही चालत नाही. मागच्या तारखेची हजेरी मी एकतीस वर्षांत कोणाला लावली नाही. जनरल मॅनेजरच्या मेव्हण्यालाही नाही.

१२ ऑगस्ट
स्वतःचं टूल तयार केलं. कपडे वाळत घालायची तार, टोकाला आकडा. प्लंबर लोक बांबूच्या खपच्या घालतात, ती जुनी पद्धत झाली. तार चौदा फूट आत गेली. उत्तम प्रगती.

दुपारी २
तार बाहेर येत नाही.

दुपारी ३.३०
अजूनही नाही. पण एवढी तार आत मावली याचा अर्थ आत जागा आहे. निदान पक्कं होत चाललंय. इंदूनं ओले कपडे खुर्च्यांवर वाळत घातले आणि मला विचारलं, आता तुम्ही कुठं बसता? मी ओट्यावर बसलो. साडेसहाला हजर : पाच. फर्नेसचा वर्मा म्हणाला, थोडा वास येतोय. मी म्हटलं, उरल्याच्या कारखान्यांकडून वारा आहे.

१५ ऑगस्ट
ओट्यावर झेंडा फडकवला. भाषणात मी कॉलनीच्या नालीचा प्रश्न मांडला, कारण आता आमचं पाणी शांताबाईच्या न्हाणीतही निघू लागलंय. दोन्ही घरांची लाइन एकच आहे. जागच्या जागी नाली निवारण समिती स्थापन केली. अध्यक्ष : मी. सचिव : मी. सदस्य : शांताबाई, कारण ती तिथून बादली घेऊन चालली होती. अध्यक्षांच्या परवानगीनं बोलते म्हणून तिनं पुन्हा ओट्यापासून सुरुवात केली. "तुमच्या ओट्याच्या खाली..." मी घंटी वाजवली. डाळीचा विषय अजेंड्यावर नव्हता.

मोरी आज स्वतंत्र झाली नाही. तारीख जरा घाईची होती. देशालाही वेळ लागलाच.

१७ ऑगस्ट, सकाळी १०
रात्रभर विचार करून प्रेशर थिअरी निघाली. टाकीवर पाणी चढवायची मोटर मोरीच्या पाइपाला उलटी जोडायची. दाब पडला की अडकलेलं सगळं पुढे जाईल. तोंडाभोवती जुन्या टायरची ट्यूब गच्च बांधली. सील उत्तम झालं.

सकाळी १०.२०
अडकलेलं सगळं पुढे गेलं. शांताबाईच्या न्हाणीत गेलं. त्या वेळी ती न्हाणीत होती.

सकाळी १०.४५
शांताबाई अंगणात उभी राहून बरंच बोलली. त्यात टेक्निकल असं काही नव्हतं. "काहून करून राहिले भाऊजी हे? कोन्या जन्माचं वैर हाय माझ्याशी?" एवढंच लिहिण्यासारखं. थिअरी मात्र सिद्ध झाली. दाब होता, फक्त दिशा चुकली.

संध्याकाळी हजर : तीन. वर्माचा गुडघा दुखतोय म्हणे. गुडघ्याला वास कसा येतो कोण जाणे.

१९ ऑगस्ट
इंदूनं मला न विचारता नरहरीला फोन केला. आला, चहा प्यायला, खपची घातली. दहा फुटांवर अडली. म्हणाला, "काका, आत तार का गुंता हो गया है. अब सामने से खींचना पड़ेगा. चेंबर किधर है?" मी त्याला थांबवून आतून ड्रॉइंग आणलं. कॉलनीचं मूळ ड्रॉइंग नाही, मी काल रात्री आठवून काढलेलं. पण स्केलवर आहे. त्यानुसार चेंबर कडुलिंबाखाली येतो. नरहरीनं कडुलिंबाकडे पाहिलं, मग ओट्याकडे पाहिलं, मग म्हणाला, पाइप तर इकडे वळलेला दिसतो. मी म्हटलं, ड्रॉइंग तुझ्याकडे आहे का माझ्याकडे?

चार फूट खणलं. मध्येच शांताबाईनं नरहरीला चहा दिला. मिलच्या कँटीनचा एक स्टीलचा ग्लास निघाला. कँटीनचा शिक्का अजून स्पष्ट आहे. शांताबाई कुंपणावरून पाहत होती. म्हणाली, हा ग्लास हरवला म्हणून ठेकेदारानं तिचे पैसे कापले होते. ती कँटीनला भांडी घासायची. मी ग्लास धुवून ठेवला.

नरहरी जाताना म्हणाला, "चेंबर मिल जाए तो बुला लेना." अशा माणसांमुळे देश मागे राहतो.

२२ ऑगस्ट
आज इंदूनं सरळ सांगितलं. नीट लिहून ठेवतो.

३१ तारखेला महालक्ष्म्या येणार. आमच्या घरचे दोन पितळी मुखवटे पणजोबांनी नागपूरहून आणले. बाबा गेल्यावर थोरला म्हणून ते माझ्याकडे आले. घरचा नियम असा की महालक्ष्म्या एकदा दुसऱ्या घरी बसल्या की तीन वर्षं तिथून हलवायच्या नाहीत. तेवीस वर्षं या क्वार्टरमध्ये बसल्या. मिल बंद झाली त्या वर्षी कॉलनीत दिवाळी झाली नाही, पण आमच्याकडे महालक्ष्म्या बसल्या आणि पस्तीस पानं उठली.

इंदू म्हणाली, "पुरणाचं कढई-पातेलं, सोळा भाज्या, पस्तीस ताटं. माझ्या डोक्यावर धुवू काय? मुखवटे शेखर भाऊजींकडे जाऊ द्या."

शेखर माझा धाकटा भाऊ. रायपूर शहरात, बूढ़ापाऱ्यात राहतो. त्याचाही फोन आला. म्हणाला, दादा, आमच्याकडे जागा आहे, मायाचीही इच्छा आहे. माया म्हणजे त्याची बायको. तिची इच्छा गेली पंधरा वर्षं आहे. मी म्हटलं, थोरला जिवंत आहे अजून.

हे मात्र खरं लिहितो. मिल गेली, गेट गेलं, कोणाला आत सोडायचं कोणाला नाही हे विचारणारं कोणी राहिलं नाही. वर्षातून तीन दिवस लोक माझ्या दारात चपला काढतात. ते मला सोडायचं नाही.

संकल्प : २९ ऑगस्ट. या वेळी घाई नाही, भरपूर वेळ आहे.

२४ ऑगस्ट
इंदू तीजाला माहेरी गेली, अभनपुरला. आम्ही हरतालिका म्हणतो, पण रायपूरच्या पाण्यात चार पिढ्या काढल्या की मराठी बायकांचीही तीजा होते आणि तीजाला बाई सासरी थांबत नाही. दर वर्षी लहान पिशवी नेते, या वेळी सूटकेस नेली. तीस तारखेला येते म्हणाली. मोरी वाहत असली तर पदर खोचते, नसली तर मुखवटे घेऊन बूढ़ापाऱ्याला जाते. मुखवट्यांची पेटी जाताना कपाटावरून काढून खाली ठेवली. म्हणजे घ्यायला सोपी.

हजर : दोन. साहू आणि मी. साहूला सर्दी आहे.

२७ ऑगस्ट
गणपती. लाडू दुकानातून आणले. ताट एकच वापरतो आणि अंगणातल्या नळावर धुतो, खूप सुटसुटीत आहे. बायका उगाच भांड्यांचा पसारा करतात.

दुपारी वॉर्ड ऑफिसची प्रेशर मशीन आली. अर्ज कालच दिला होता. इतक्या लवकर येतील असं वाटलं नव्हतं, त्यामुळे माझी तयारी नव्हती. मोठी टाकी, लांब रबरी पाइप, दोन पोरं. म्हणाले, अंकल, मशीन पाच मिनिटाचं काम आहे, फक्त चेंबर दाखवा. मी कडुलिंबाखालचा खड्डा दाखवला. त्यांनी आत वाकून पाहिलं. एक जण म्हणाला, "अंकल, ये तो गड्ढा है." मी ड्रॉइंग दाखवलं. दुसरा म्हणाला, "इसमें पेड़ अच्छा बना है." नंबर देऊन गेले. झाकण सापडलं की फोन करा, कधीही येऊ.

शांताबाईनं लाडवाच्या बदल्यात वरणभात आणून दिला. ताट ठेवून म्हणाली, "भाऊजी, रागावू नका, पन मी एकच गोष्ट सांगतो, त्या ओट्याच्या..." मी म्हटलं, शांताबाई, या घरावर संकट आहे आणि तुम्हाला डाळ सुचते? तिनं ताट माझ्याकडे सरकवलं. मग "हव," म्हणाली आणि गेली. वरण छान होतं.

२९ ऑगस्ट, सायं. ५
कॉलनीचा जुना नकाशा मिळतो का म्हणून माळ्यावरची सगळी रजिस्टरं खाली काढली. नकाशा नाही. २०१३चं रजिस्टर मिळालं. उजव्या पानावर माझंच अक्षर. उतरवून घेतो :

"९ मार्च. ओट्याचं काँक्रीट पडलं. मधोमध नालीचं लोखंडी झाकण येत होतं. मिस्त्री म्हणाला, काका, इसको खुला छोड़ देते हैं. शेजारची शांताबाईही तेच म्हणत होती. इंदूही. लेव्हल काय असते हे तिघांनाही कळत नाही. झाकणासकट भरून घेतलं. आता शंभर वर्षं कोणी हलवू शकत नाही."

सायं. ५.३०
पुन्हा वाचलं. अक्षर माझ्यासारखं आहे.

सायं. ६.१५
माझंच आहे.

सायं. ६.४०
ओट्यावर जाऊन बसलो. साहू आला नाही. हजर : एक. बारा वर्षांपूर्वीची नोंद आजच्या परिस्थितीला लागू होतेच असं नाही. झाकण सरकलंही असेल. जमीन सरकते.

३० ऑगस्ट, सकाळी ८
पर्याय एक : ओटा फोडणे. पर्याय दोन : ओट्याला रुपयाएवढं भोक पाडून त्यातून बघणे. पर्याय तीन : कोणाला काही न सांगणे.

सकाळी ११
दुसऱ्या पर्यायावर विचार चालू. छिन्नी-हातोडी घेऊन ओट्यावर बसलो. साहूची जागा, वर्माची जागा, जे गेले त्यांच्या जागा. फरशीवर जिथे ते टेकायचे तिथे झिजून गुळगुळीत झालंय. मिल बंद झाल्यावर पहिले आठ महिने मी सकाळी सात वाजता डबा घेऊन गेटपर्यंत जायचो आणि कुलूप बघून परत यायचो. इंदूनं डबा कधी बंद केला नाही. ओटा झाला तेव्हा मी जायचं थांबवलं. तो फोडायला हात होत नाही.

आणि फोडला तर सांगावं लागेल की तो कोणी बांधला.

दुपारी ४.१०
इंदू आली. शेखर गाडी घेऊन तिला अभनपुरहून घेऊन आला. आल्या आल्या तिनं मोरीत एक तांब्या पाणी ओतलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. पाणी थोडा वेळ विचार करत थांबलं, मग वर आलं.

तिनं पेटी उचलली. माझ्या हातात २०१३चं रजिस्टर होतं, बोट त्याच पानात. आत्ता सांगितलं असतं तर मशीनवाली पोरं संध्याकाळपर्यंत आली असती. नंबर खिशात होता. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, चहा घेऊन जा. शेखर म्हणाला, "नको दादा. अन् तीन वर्षं काय, अशीच निघून जातात." तो चांगुलपणानं म्हणाला. तेच जास्त लागलं.

सायं. ४.४०
गाडी वळेपर्यंत ओट्यावर उभा होतो. मग नरहरीला फोन केला. मग मशीनवाल्यांना. नरहरीला म्हटलं, झाकण सापडलं. म्हणाला, "ओटले के नीचे ना?" मी विचारलं, तुला कसं कळलं? म्हणाला, त्या दिवशी चहा देताना शांता दीदीनं सांगितलं होतं. मग बोलला का नाहीस? म्हणाला, "आपके पास ड्रॉइंग था, काका."

३१ ऑगस्ट, सकाळी १०.३०
ब्रेकर मशीननं ओटा फोडला. शंभर वर्षं हलणार नव्हता, पंचवीस मिनिटांत हलला. मधोमध झाकण, जसं होतं तसं. सरकलं नव्हतं. मशीनच्या पोरांनी पाइप सोडला. सहा मिनिटं. माझी तार निघाली, आकड्यासकट, आणि तिच्याभोवती गोळा झालेलं सगळं. खाली मूळ अडथळा निघाला : भांडी घासायचा काथ्याचा एक बोळा. नरहरी म्हणाला, तार नसती तर खपचीनं पहिल्याच दिवशी निघाला असता. मी म्हटलं, बरं. तार गुंडाळून ठेवली.

मोरीत बादलीभर पाणी ओतलं. गेलं. सरळ गेलं. इतका आनंद झाला की ओल्या हातानंच इंदूला फोन लावला. म्हटलं, मोरी वाहते, ये, सगळ्यांना घेऊन ये, मी भाज्या आणायला निघतो. फोनमध्ये मागे घंटेचा आवाज येत होता. ती म्हणाली, "मुखवटे बसले."

दुपारी १२
मोरीत आणखी एक बादली ओतली. वाहते. धुवायला ताट एकच आहे.

१ सप्टेंबर
शेखरकडे जेवलो. थोरला म्हणून पहिल्या पानावर बसवलं. पुरण उत्तम, आंबील उत्तम. मायानं मुखवट्यांना नव्या नथी केल्यात, शोभतात. पन्नास पानं उठली. हात धुवायला गेलो तर त्यांच्या बेसिनमधून पाणी एका दमात खाली गेलं. मी नळ उगाच दोनदा सोडून पाहिला.

गॅलरीत इंदूला गाठून सगळं सांगितलं. झाकण, काँक्रीट, रजिस्टर, परवा हातात होतं तेही. ऐकून घेतलं. मी विचारलं, तुला तेरा साली माहीत होतं, मग या वेळी काहून नाही बोललीस? ती म्हणाली, "बोलली होती ना तेरा साली. चौदातही बोलली. मग पाहिलं, हे ऐकून नाही राहिले, तर सोडून दिलं." आणि पुढच्या पंगतीची पानं लावायला आत गेली.

२ सप्टेंबर, सायं. ६.३०
विसर्जन आटोपून दोघं घरी आलो. इंदूनं पहिली गोष्ट मोरी पाहिली. पाणी टाकलं, गेलं. चहा ठेवला. मग म्हणाली, तीन वर्षं आहेत, तोवर दुसरा ओटा बांधू नका. मी नव्या ओट्याचं ड्रॉइंग खिशातून बाहेर काढलं नाही.

अंगणात कोटा फरशीचे तुकडे रचून ठेवलेत. साहू आला, वर्मा आला, आणखी एक आला. वास नाही म्हणून आले. पण बसायचं कुठे? तिघं ढिगाऱ्याभोवती उभे. मी रजिस्टर घेऊन उभा. तेवढ्यात शांताबाईनं आपली बाज ओढत आणून मधोमध टाकली आणि म्हणाली, "बसा ना जी, उभे काहून राहिले?" सगळे बसले. टोकाला थोडी जागा होती, तिथे तीही बसली. डाळीचं काही बोलली नाही. मला आता वाटतं, या महिन्यात ती डाळीचं एकदाही बोलली नव्हती.

आतून तिचा ग्लास आणून तिला दिला. तिनं पदरानं पुसला, शिक्का पाहिला आणि मांडीवर ठेवला. मी हजेरी मांडायला घेतली. साहू, वर्मा, सगळी नावं पानावर आधीच आहेत. तिचं नाही. वीस वर्षं मिलच्या कँटीनला होती, पण ठेकेदाराची माणसं म्हणून त्यांची कार्डं टाइम ऑफिसात कधी आलीच नाहीत. मी तिला रोज गेटमधून आत जाताना पाहायचो आणि कधी लिहिलं नाही.

विचारलं, शांताबाई, नाव लिहू? म्हणाली, "लिहा ना." तारीख आजची टाकतो म्हटलं, तर म्हणाली, "आजची काहून? अकरा ऑगस्ट टाका भाऊजी. सकाळी सात वाजता आली होती मी, तुमच्या दारात."

मागच्या तारखेची हजेरी मी कोणाला लावत नाही.

पानं उलटली, अकरा ऑगस्ट काढलं. शांताबाई, ७.१०, हजर. लाल रेघ नाही.